शेड्यूल सारखं बदलतं. मग नवं व्हीएमसी घ्यायचं की बिग डेटाचं सॉफ्टवेअर?

प्रश्न थोडक्यात असा: हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तीनेकशे पार्ट नंबर, २५ मशीन, दोन शिफ्ट. मुख्य ग्राहकाचं शेड्यूल महिन्यातून दोन-तीनदा बदलतं. दसरा-दिवाळीच्या आधी माल पुरत नाही आणि जानेवारीत तोच माल स्टोअरमध्ये पडून असतो. एक कंपनी ‘बिग डेटा प्लॅटफॉर्म’ विकायला आली आहे. वडील म्हणतात, तेवढ्या पैशात एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, येईल. काय करावं?

आधी वडिलांच्या बाजूने बोलतो. व्हीएमसी डोळ्यांना दिसतं, त्यावर बँक कर्ज देते आणि उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळतं. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. तरीही माझं मत असं की आज दोन्ही घेऊ नका. तुमची क्षमता खरंच कमी पडते, की असलेली क्षमता चुकीच्या आठवड्यात चुकीच्या पार्टवर खर्च होते, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. बहुधा ते तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. ते ठरवायला लागणारा बराचसा डेटा मात्र तुमच्याकडे पडलेला आहे: टॅलीत, गेटवरच्या रजिस्टरात, ई-वे बिलांत आणि ग्राहकाच्या ई-मेलच्या ढिगात.

‘बिग’ या शब्दाने घाबरू नका आणि भाळूही नका. तुमच्या २५ मशीनवर सेन्सर लावून दर सेकंदाला एक नोंद घेतली, तर दिवसाला २१ लाख ६० हजार ओळी होतात, वर्षाला जवळपास ७९ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आजच्या एका बऱ्या कॉम्प्युटरवर आणि मोफत मिळणाऱ्या डेटाबेसवर हे मावतं. याउलट पाच वर्षांच्या खरेदीच्या ऑर्डरी, आवक, डिस्पॅच आणि शेड्यूल एकत्र केले तरी काही लाख ओळींच्या वर जाणार नाहीत. या दोन ढिगांपैकी एकच निवडायचा असेल तर मी डोळे मिटून दुसरा, लहान ढीग घेईन. विकणारा तुम्हाला पहिला दाखवेल, कारण त्याचा डॅशबोर्ड रंगीत दिसतो.

सुरुवात शेड्यूलपासून करा. ऑक्टोबरचा पक्का आकडा सप्टेंबरच्या अखेरीस येतो, पण ऑक्टोबरचा अंदाज तुम्हाला त्याआधीच्या एक-दोन शेड्यूलमध्येही मिळालेला असतो. बहुतेक ठिकाणी पीपीसीवाला, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणारा, नवी फाइल आली की जुनीवर चढवतो आणि जुना आकडा कायमचा पुसला जातो. तो पुसू नका. चार रकाने पुरतात: शेड्यूल कधी मिळालं, पार्ट नंबर कोणता, कोणत्या महिन्यासाठी, किती नग. जुन्या ई-मेल उकरून दोन-तीन वर्षांचा इतिहास असा उभा करता येतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

मग प्रत्येक पार्टसाठी बघा, दोन महिने आधी ग्राहक काय म्हणाला, एक महिना आधी काय म्हणाला आणि प्रत्यक्षात उचललं किती. काही पार्ट असे निघतात की ग्राहक दर वेळी जास्तच सांगतो आणि कमी उचलतो. हा एका बाजूचा कल आहे. तो सरळ वजा करता येतो, त्यासाठी साठा ठेवायची गरज नाही. काही पार्ट कधी वर, कधी खाली उडतात. कल शून्य, पण झोके मोठे. तिथेच फक्त बफर, म्हणजे जादा साठा, लागतो. या दोन प्रकारांना एकच ‘दहा टक्के जास्त करून ठेवा’चा नियम लावला की जानेवारीत स्टोअर भरलेलं दिसतं, हे त्यातलं सर्वांत नेहमीचं कारण. तिसरी एक गोष्ट महिन्याच्या बेरजेत दिसतच नाही. महिन्याचा आकडा तंतोतंत बरोबर, तरी महिनाभर बोंब. उचल शेवटच्या आठ-दहा दिवसांत एकवटलेली असते. म्हणून डिस्पॅचचा हिशेब महिन्यावर नको, दिवसावर किंवा निदान आठवड्यावर मांडा.

हा तक्ता तयार झाला की ग्राहकाच्या खरेदी विभागाला दाखवा. तक्रार म्हणून नको. ‘तुमच्या या सोळा पार्टांत शेवटच्या दोन आठवड्यांत बदल होतो, तेवढे दोन आठवडे गोठवता येतील का’ एवढंच विचारा. लहान पुरवठादाराचं कोण ऐकतो, असं तुम्ही म्हणाल. बऱ्याचदा ऐकतात, कारण स्वतःच्याच शेड्यूलचा असा इतिहास त्यांच्याकडेही एका जागी नसतो. मोठ्या कंपन्यांमध्येही हा रोग जुना आहे. स्टॅनफर्डचे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं उदाहरण बाळांच्या डायपरचं होतं: बाळांचा वापर जवळपास सारखाच, दुकानातली विक्री थोडी हलणारी, वितरकाची ऑर्डर त्याहून हलणारी आणि कारखान्याने कच्च्या मालाची दिलेली ऑर्डर सगळ्यांत जास्त. तुम्ही त्या साखळीच्या शेपटीला आहात. झटका तिथेच सर्वांत जोरात बसतो.

आता आवक. यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण नागपूरचं खरं दुखणं इथे आहे. आपण देशाच्या मधोमध आहोत हे भाषणात छान वाटतं. उत्तर-दक्षिण राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम ५३ आपल्याकडे एकमेकांना छेदतात, समृद्धीची ७०१ किलोमीटरची सुरुवात शिवमडक्याला, म्हणजे हिंगण्यापासून हाकेवर. पण मधोमध असण्याचा दुसरा अर्थ असा की कास्टिंग कोल्हापूरहून, फोर्जिंग राजकोटहून, नट-बोल्ट लुधियान्याहून, म्हणजे बरंच काही लांबून. रस्ते सुधारले की सरासरी वेळ कमी होतो. साठा मात्र सरासरीने ठरत नाही, तो वेळेच्या चढउताराने ठरतो.

आकड्यांत मांडतो, आकडे समजण्यापुरते. एका पार्टची रोजची गरज २०० नग, तिच्यात चढउतार ४० नगांचा. माल यायला सरासरी ९ दिवस, त्यात चढउतार ३ दिवसांचा. सेफ्टी स्टॉकच्या नेहमीच्या सूत्रात दोन गोष्टींची बेरीज होते: दिवस गुणिले मागणीच्या चढउताराचा वर्ग, आणि रोजच्या गरजेचा वर्ग गुणिले दिवसांच्या चढउताराचा वर्ग. पहिली संख्या १४,४००, दुसरी ३,६०,०००. बेरजेचं वर्गमूळ सुमारे ६१२. शंभरात पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये म्हणून १.६५ ने गुणलं की जवळपास १,०१० नग. म्हणजे पाच दिवसांचा माल निव्वळ भीतीपोटी पडून.

समजा तुम्ही भारीतलं सॉफ्टवेअर आणलं आणि मागणीचा अंदाज इतका सुधारला की चढउतार अर्ध्यावर, ४० वरून २० वर आला. परत हिशेब करा: सुमारे ९९५ नग. एवढा खटाटोप करून वाचले पंधरा! आता मागणी तशीच ठेवा आणि पुरवठ्याच्या दिवसांतला चढउतार ३ वरून १ दिवसावर आणा. साठा येतो ३८५ वर. सव्वासहाशे नग कमी, आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, पुरवठादाराशी आकड्यांनिशी केलेलं बोलणं लागतं. प्रत्येक पार्टचं गणित असंच निघेल असं नाही. जवळून येणाऱ्या आणि मागणी उडणाऱ्या पार्टचं उलटही निघतं. पण कोणतं पारडं जड आहे हे न बघता अंदाजाच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालणं बरोबर नाही.

हे दिवस मोजायचे कसे? एकच ‘लीड टाइम’ मोजू नका, त्याचे तीन तुकडे करा. तुम्ही ऑर्डर दिल्यापासून पुरवठादाराने गाडी भरेपर्यंतचा वेळ हा पहिला. गाडी भरल्यापासून तुमच्या गेटपर्यंतचा दुसरा. गेटपासून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होऊन माल लाइनला मिळेपर्यंतचा तिसरा. पहिल्या आणि दुसऱ्यामधली सीमा ई-वे बिल देतं. तुमच्या जीएसटी क्रमांकावर इतरांनी काढलेली ई-वे बिलं पोर्टलवर तुम्हाला बघता येतात. त्यात बिल काढल्याची वेळ नको, गाडीचा नंबर टाकून भाग-ब भरल्याची वेळ घ्या. बिल आधी काढून ठेवतात आणि गाडी दोन दिवसांनी लागते, असं सर्रास चालतं. पार्ट-लोडच्या मालात वाटेत गाडी बदलते, त्याचीही नोंद तिथेच होते. ज्या छोट्या मालाला ई-वे बिल लागत नाही तिथे बिल्टीची तारीख चालवून घ्या.

दुसऱ्या तुकड्याची गेटवरची बाजू तुमच्या वॉचमनच्या रजिस्टरात असते. त्यात तारीख असते, वेळ नसते. आणि वेळ असली तर ती गाडी आत घेतल्याची असते, बाहेर येऊन उभी राहिल्याची नसते. हे आजच बदला. दोन रकाने: आली केव्हा, आत घेतली केव्हा.

हे तीन तुकडे वेगळे केले की बहुतेकांना धक्का बसतो. सगळा दोष ट्रान्सपोर्टवाल्यावर ढकलायची सवय असते, पण झोके बऱ्याचदा पहिल्या तुकड्यात असतात: पुरवठादार तुमची छोटी ऑर्डर दुसऱ्या मोठ्या ऑर्डरीच्या मागे लावतो. काही ठिकाणी तिसऱ्यात असतात, म्हणजे माल गेटच्या आत, पण तपासणीवाला सुट्टीवर. तिसरा तुकडा पूर्णपणे तुमच्या हातात आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ट्रकचा वेळ जिथे खरंच हलतो तिथेही कारण हंगामात सापडू शकतं. आंबिया बहाराची संत्री निघू लागली की काटोल, वरूड, कळमन्याकडून गाड्यांना मागणी वाढते, त्यामुळे आपल्या ट्रान्सपोर्टरचं लक्ष कुठे असतं ते पाहायला हवं. तुमच्या डेटात तसं काही दिसतं का, ते आठवडावार लावून बघा; दिसलं तर त्या आठवड्यांची ऑर्डर आधी सोडा.

फास्टॅगच्या टोल नोंदींवरून गाडी कुठवर आली हे कळण्याची सोयही आता आहे. केंद्राच्या यूलिप मंचावर वाहन, फास्टॅग, रेल्वे मालवाहतूक अशा यंत्रणांची माहिती एकत्र मिळते आणि काही लॉजिस्टिक कंपन्या ती सेवा म्हणून देतात. चांगली गोष्ट आहे, पण पहिल्या वर्षी तुम्हाला ती लागणार नाही.

आता क्षमतेकडे. वडील म्हणत असतील, ‘आपलं मशीन एक मिनिट रिकामं नसतं.’ एका आठ तासांच्या शिफ्टचा हिशेब करू. ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ३० वजा, उरली ४५०. सेटिंगला ७०, ब्रेकडाऊन ३५, माल नाही म्हणून ४५. मशीन चाललं ३०० मिनिटं. एका नगाला दीड मिनिट, म्हणजे २०० नग निघायला हवे होते. निघाले १७०, त्यातले १६० चांगले. चांगले १६० नग म्हणजे २४० मिनिटांचं खरं काम. ४५० मध्ये २४०, म्हणजे ५३ टक्के. यालाच ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, म्हणतात, आणि जपानी देखभालतज्ज्ञ सेइची नाकाजिमांच्या काळापासून ८५ टक्क्यांचं माप चांगलं समजलं जातं. ५३ वर लाज वाटायचं कारण नाही. प्रामाणिकपणे मोजलं तर लहान कारखान्यांत असाच आकडा निघताना मी पाहतो. जिथे पहिल्याच महिन्यात ८२ निघतो तिथे मी आधी रजिस्टर तपासतो.

या उदाहरणातला ‘माल नाही’चा ४५ मिनिटांचा तोटा बघा. त्याच वेगाने ते २४ चांगले नग होते. तो तोटा मशीनच्या खात्यावर लिहिला जातो, पण झाला खरेदीत. आणि सेटिंगची ७० मिनिटं? त्यातली किती नियोजित होती आणि किती ‘साहेबांचा फोन आला, हे उतरवा, ते चढवा’ची? प्रत्येक सेटिंगपुढे हे एक अक्षर लिहायला लावा: नियोजित ‘नि’, तातडीचं ‘ता’. तातडीचं एक काम घुसलं की मुळातलं अर्धवट काम उतरतं आणि नंतर पुन्हा चढतं, म्हणजे एका फोनची किंमत दोन सेटिंग. सेटिंगचा वेळ ७० वरून ३५ वर आला तर या हिशेबात शिफ्टमागे अठरा-एकोणीस चांगले नग वाढतात, जवळपास बारा टक्के. शेड्यूलची अस्थिरता आणि क्षमतेची टंचाई हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत. बव्हंशी तो एकच प्रश्न आहे.

आणखी एक गणित वडिलांना जरूर सांगा. मशीन जितकं भरत जाईल तितकं त्याच्यापुढची रांग सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारते. भार ८० टक्के असताना कामाचं थांबणं, एका कामाच्या वेळेच्या पटीत, ४ धरलं, तर ९० टक्क्यांना ९ होतं आणि ९५ टक्क्यांना १९. कामं अनियमित येत असतील तर हा त्रास आणखी वाढतो. तेव्हा ज्या मशीनवर अख्ख्या कारखान्याचा माल अडतो, ते शंभर टक्के भरून ठेवण्यात काही शौर्य नाही. बाकीच्या मशीनचं ओईई सुधारून तर काहीच हाती लागत नाही, नुसता अर्धवट माल वाढतो. त्यामुळे सेन्सर २५ मशीनवर लावू नका. अडणारी तीन-चार मशीन शोधा, तेवढ्यांवर लावा.

जुन्या प्रेसला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, नसतो, म्हणून काही अडत नाही. मुख्य केबलभोवती अडकवायचा करंट सेन्सर मिळतो. विजेचा प्रवाह बघून मशीन बंद आहे, मोकळं फिरतंय की भारावर आहे, एवढं कळतं. कारण मात्र माणसालाच सांगावं लागतं. त्यासाठी बटणं सात-आठच ठेवा, मराठी-हिंदीत. ‘इतर’ असं बटण ठेवलंत तर महिन्याभरात सगळं त्यातच जाईल. आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी ऑपरेटर विचारणार, ‘साहेब, हे मीटर मशीनचं हाये का आमचं?’ त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा आणि पाळा. या नोंदींवरून एकाची जरी हजेरी किंवा बोनस कापला, तर डेटा त्या दिवसापासून खोटा.

एप्रिल-मेच्या नोंदी वेगळ्या काढा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना हायड्रॉलिकचं तेल तापणं, पॅनल ट्रिप होणं हे दुपारी जास्त होतं असं आपण सगळेच म्हणतो. तासावार लावलं की ते खरं किती, ते कळतं. खरं निघालं तर अडणाऱ्या मशीनचं काम मेमध्ये रात्रीकडे सरकवणं हा फुकटचा उपाय आहे. पॅनलला कूलर लावायचा की नाही, तेही तिथेच ठरतं.

बाहेरच्या डेटाबद्दल. तुमच्या ग्राहकाचं शेड्यूल कापलं जाणार हे कधीकधी त्याने सांगायच्या आधी दिसतं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या, शेअर बाजारात असलेल्या मोठ्या कंपन्या दर महिन्याला देशांतर्गत विक्री जाहीर करतात. ती डीलरला गेलेली विक्री असते. शेतकऱ्याने घेतलेले ट्रॅक्टर सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर नोंदणीत दिसतात, महिन्याने आणि राज्याने, कोणालाही. तेलंगणाची नोंद त्यात बरीच वर्षं येत नव्हती, ती आता येते का हे बघून तुलना करा. तीन-चार महिने डीलरला जाणारा आकडा नोंदणीच्या पुढे पळत असेल, तर माल डीलरच्या यार्डात साचतोय. लवकरच तुमचं शेड्यूल आखडणार. नोंदणी पुढे असेल तर उलट. हा संकेत ढोबळ आहे, पार्टचा आकडा तो देत नाही. तिसरी शिफ्ट सुरू करायची की कॉइलची ऑर्डर थांबवायची एवढ्यासाठी मात्र पुरतो. पावसाचंही बघा, पण नागपूरच्या आभाळाकडे नव्हे. तुमच्या ग्राहकाचे ट्रॅक्टर उत्तर प्रदेश-बिहारमध्येही विकले जातात.

पंचांगाची तर मी स्वतंत्र फाइल ठेवायला लावतो. महिन्यावर चालणारं मॉडेल इथे हमखास फसतं. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ तारखेला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. म्हणजे २०२५ चं नवरात्र बहुतेक सप्टेंबरात गेलं आणि तुमच्या डिस्पॅचची घाई ऑगस्टात आली. मॉडेलला ‘ऑक्टोबर’ शिकवू नका, ‘दसऱ्याला उरलेले आठवडे’ शिकवा. त्यात आपल्या गावचे दिवसही घाला: पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, धान कापणीच्या वेळी भंडारा-गोंदियाकडचे कामगार गावी जाण्याचे आठवडे. हजेरीच्या मशीनमधला डेटा काढला की हे खड्डे स्पष्ट दिसतात. पुण्यात बसून तयार केलेल्या प्लॅटफॉर्मला मारबत माहीत नसते.

इतिहासावर चालणाऱ्या मॉडेलला जे कळूच शकत नाही, असंही काही घडतं. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्याला ट्रॅक्टर घ्यायचा आहे तो अशा वेळी थांबणार आणि मग एकदम येणार, हे सांगायला मॉडेल लागत नाही. पण पुढच्या वर्षी हेच आकडे मॉडेलला जसेच्या तसे दिले, तर ते त्यालाच हंगाम समजेल. असे महिने खूण करून ठेवा.

अंदाजाच्या पद्धतींवर फार बोलत नाही. तीन वर्षांचा महिनावार इतिहास म्हणजे एका पार्टचे ३६ आकडे. एवढ्यावर होल्ट-विंटर्ससारखी जुनी पद्धत आणि ग्राहकाच्या शेड्यूलमधून वजा केलेला कल पुरतो. अंदाजाच्या पद्धतींची जी एम स्पर्धा होते, तिच्या २०१८ च्या एम-४ फेरीत एक लाख मालिकांवर निव्वळ मशीन लर्निंगच्या पद्धती साध्या सांख्यिकी पद्धतींपुढेही फिक्या पडल्या होत्या. २०२० च्या एम-५ मध्ये वॉलमार्टच्या ४२,८४० मालिकांवर त्यांनीच बाजी मारली, कारण तिथे किमती, दिनदर्शिका आणि एकमेकांसारख्या हजारो मालिका होत्या. तुम्ही पहिल्या प्रकाराच्या जवळ आहात. कधीतरीच मागणी येणाऱ्या स्पेअर पार्टसाठी १९७२ ची क्रॉस्टनची पद्धत आहे. ती वेगळी लावा, सरासरी काढत बसू नका.

या सगळ्याआधी एक घाण काम उरतं: आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी. एकच बोल्ट टॅलीत तीन नावांनी असतो. पत्रा खरेदीत किलोत, स्टोअरमध्ये शीटमध्ये आणि बीओएममध्ये (एका पार्टला काय-काय लागतं त्या यादीत) नगात. हे जुळवल्याशिवाय वरचं काहीच खरं नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो. त्यासाठी बाहेरून डेटा सायंटिस्ट आणू नका. तुमच्या स्टोअरमधला जो माणूस पत्रा हातात घेऊन गेज सांगतो, त्याच्यासोबत व्हीएनआयटीचा किंवा इथल्याच एखाद्या कॉलेजचा प्रोजेक्टवाला विद्यार्थी बसवा. विद्यार्थ्याला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, येतं, स्टोअरवाल्याला माल कळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. अडणाऱ्या मशीनसाठी पुढच्या बारा महिन्यांचा भार काढा: प्रत्येक पार्टचे नग गुणिले मोजलेला सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), अधिक सेटिंग. नगांचा एकच आकडा धरू नका. शेड्यूलच्या इतिहासात जेवढे झोके दिसले, तेवढे देऊन हजार वेळा हिशेब फिरवा. लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम आहे. प्रत्येक महिन्यासाठी दोन आकडे मिळतील: मधला भार, आणि दहात एकदाच ओलांडला जाईल असा वरचा भार. शेजारी तुमची सिद्ध क्षमता ठेवा. सिद्ध म्हणजे गेल्या वर्षी त्या मशीनने सलग चार आठवडे खरंच दिलेली, कॅटलॉगमधली नव्हे. मधला भार वर्षातले सात-आठ महिने क्षमतेच्या वर असेल तर वडील बरोबर आहेत, व्हीएमसी घ्या. फक्त वरचा भार, तोही दसऱ्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत वर जात असेल, तर बुटीबोरी किंवा कळमेश्वरला जॉब वर्क देणारा एखादा आधीच बांधून ठेवा, चलान आणि गेजसकट, आणि जून-जुलैत थोडा माल पुढे ओढा. मात्र तो ज्या पार्टची उचल ठरलेली असते त्याचाच. झोके खाणारा पार्ट आधी करून ठेवलात की जानेवारीचं स्टोअर पुन्हा भरेल. आणि सेटिंग व ‘माल नाही’चे तास परत मिळवल्यावर दोन्ही भार क्षमतेखाली येत असतील, तर पैसे बँकेत ठेवा.

सॉफ्टवेअरवाल्याला अगदी परत पाठवू नका, परीक्षा घ्या. त्याला २०२४ च्या जुलैअखेरपर्यंतचाच डेटा द्या आणि ऑगस्ट ते नोव्हेंबरचा पार्टवार, आठवडावार अंदाज लेखी मागा. पुढचं खरं काय झालं ते तुमच्या कपाटात आहे. तुमच्या बाजूने दोन साधे अंदाज ठेवा: ग्राहकाचं शेड्यूल कल वजा करून, आणि मागच्या वर्षीचा दसऱ्यापासून मोजलेला तोच आठवडा. अंदाज किती चुकला हे मोजताना प्रत्येक पार्टला त्याच्या नगांच्या प्रमाणात महत्त्व द्या, नाहीतर महिन्याला पाच नग जाणारे पार्ट सगळा निकाल बिघडवतात. तो या दोन्हींना स्पष्ट फरकाने हरवत असेल तर करारावर बोला. करारात तीन ओळी तुमच्या वकिलाकडून घालून घ्या: डेटा तुमचा, तो कधीही साध्या फाइलमध्ये पूर्ण काढून घेता येईल, आणि तुमच्या ग्राहकाचं शेड्यूल दुसऱ्या कोणाच्या मॉडेलसाठी वापरलं जाणार नाही. ग्राहकासोबतच्या तुमच्या गोपनीयतेच्या करारात ही तिसरी अट बहुधा आधीच असेल. सही करण्यापूर्वी तो करार काढून वाचा.